तथाकथित वडील

पोस्टकार्डावर मजकूर असा होता : "फोटो पाहिला. येतो. शरणप्पा बिराजदार, दुधनी."

बस्स. नमस्कार नाही, कळावे नाही, लोभ असावा तर नाहीच नाही. शिव्या असत्या तर मी इतका घाबरलो नसतो. शिव्या देणारा माणूस देता देताच निम्मा थंड होतो, हा माझा कचेरीतला अनुभव आहे. पण ‘येतो’ एवढंच लिहून थांबणारा माणूस थंड झालेला नसतो. तो गाडीची वाट बघत असतो.

कार्ड माझ्या नावाने आलं होतं. श्री. कुंडलिक तळेकर, व्यवस्थापक, मानसिंग फोटो स्टुडिओ, नवी पेठ, सोलापूर. आता मी काही फोटोग्राफर नव्हे. मी सरकारी कचेरीतला कारकून. स्टुडिओ माझ्या मेहुण्याचा, मानसिंगचा. कचेरी सुटली की मी तिथल्या खुर्चीत जाऊन बसत असे. पंखा चांगला होता, आणि येणारी गिऱ्हाइकं मला साहेब म्हणत. कचेरीत मला साहेब म्हणणारं कोणी जन्माला आलेलं नव्हतं. मानसिंगने स्टुडिओच्या नावाचे कागद छापायला टाकले, तेव्हा मी सहज बोलून गेलो की कोपऱ्यात व्यवस्थापक म्हणून एखादं नाव असलं की भारदस्त दिसतं. "कुणाचं टाकू, दाजी?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याने ओळखलं. सरकारी नोकराने खाजगी धंदा करू नये, असा नियम असल्याचं मला कागद छापून आल्यावर आठवलं. पण माझं नाव इतकं सुरेख उठलं होतं की नियमाकडे बघावंसं वाटेना.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. शरणप्पा बिराजदार म्हणजे दुधनीचे तुरीचे अडते. अंगाने एवढे की स्टुडिओच्या दारातून ते आडवे होऊन आत आले, आणि वाटेत आलेला कॅमेऱ्याचा लाकडी स्टँड त्यांनी एका हाताने, पान बाजूला करावं तसा उचलून बाजूला ठेवला. त्यांचे वडील चन्नप्पा आदल्या वर्षी गेले. कॅमेऱ्याने अंगातलं रक्त कमी होतं अशी म्हाताऱ्यांची समजूत, त्यामुळे जन्मात त्यांचा एकच फोटो निघाला, तोही दुधनीच्या सगळ्या अडत्यांच्या घोळक्यात. तो फोटो शरणप्पांनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "डावीकडनं तिसरे आमचे अप्पा. मोटा फोटो करा. पुण्यस्मरणाला स्वामी यायलेत."

मानसिंगने लिहून घेतलं : डावीकडून तिसरे. कुणाच्या डावीकडून, बघणाऱ्याच्या की बसलेल्यांच्या, हे त्याने विचारलं नाही. शरणप्पांनीही बोट ठेवलं नाही. मानसिंगने आपल्या डाव्या हाताकडून मोजलं आणि कामाला लागला. आणि काम काय केलं म्हणता! मानसिंगच्या हातात कुंचला आला की तो थांबत नाही. फेट्याला गुलाबी रंग दिला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, भुवया दाट केल्या, बसकं नाक थोडं वर काढलं. ऐटबाज चौकट करून, खोक्यात घालून, स्टुडिओच्या छापील कागदावरच्या बिलासकट फोटो रेल्वेने दुधनीला गेला.

पुढचं मला कचेरीत कळलं. माझ्या शेजारच्या टेबलावर शिवयोगी नावाचा अक्कलकोटकडचा कारकून बसायचा. त्याचा मेहुणा त्या पुण्यस्मरणाला जेवायला गेला होता.

"सगळा गाव जमला हुता," शिवयोगी म्हणाला. "स्वामींनी पडदा सारला, हार घातला, आणि बघतोय तर निंगप्पा की!"

"कोण निंगप्पा?"

"चन्नप्पाच्या शेजारचा अडत्या. मधल्या गटारावरनं दोगांची कोर्टकचेरी. लई वरसं तोंड बगितलं न्हाय एकमेकांचं."

"अरे देवा. आणि हा निंगप्पा कधी वारला?"

"वारला कुटं? म्होरं बसला हुता की! स्वामींनी बोलावलं म्हणून पयल्यांदाच त्या घरात आलता."

"मग? पुढं काय झालं?"

"ते मेव्हण्याला ठावं न्हाय. गाडी चुकंल म्हणून तो उठून आला."

शिवयोगीच्या या मेहुण्याला मी आजतागायत क्षमा केलेली नाही. त्याने राहून काहीही वाईट पाहिलं असतं तरी चाललं असतं, पण त्याने जो पुढचा भाग सोडून दिला तो मला स्वतः रचावा लागला, आणि माझी कल्पनाशक्ती अशा वेळी फार चांगली चालते. संध्याकाळी मी हे मानसिंगला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कोल्हापूरला सामान आणायला गेला. जाताना बहिणीजवळ निरोप ठेवून गेला : "दाजींनी एक पत्र टाकावं. त्यांचं मराठी चांगलं हाय."

त्यानंतर ते पोस्टकार्ड आलं.

कार्ड आल्यापासून मला रस्त्यात फेटेच दिसू लागले. गुलाबी, पांढरे, पिवळे. सोलापुरात इतके फेटेवाले राहतात हे मला माहीत नव्हतं. दाराची कडी वाजली की मी मोरीत जाऊन हात धुवायचो. शरणप्पांनी मला हाणलं असतं ते एक वेळ सोसता आलं असतं. पण ते माझ्या नावाचा तो कागद घेऊन कचेरीत आमच्या साहेबांसमोर उभे राहिले, तर? नोकरी गेली तर केमला, गावी वडिलांच्या घरी जाऊन काय सांगायचं? ते अजून गावात ‘आमचा कुंडलिक सरकारात हाय’ असं सांगत हिंडत होते.

म्हणजे शरणप्पा निघायच्या आत त्यांना पत्र पोचायला हवं होतं, आणि ते वाचून त्यांनी निघू नये असं ते पत्र हवं होतं. मी लिहायला बसलो.

"विषय : आपल्या कैलासवासी वडिलांच्या ऐवजी हयात इसमाचा फोटो रवाना झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की..."

माझी बायको शालन भाजी निवडता निवडता ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, हे तुम्ही माफी मागताय का रजा मागताय?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि वर राहणाऱ्या हुंडेकरींकडे गेलो. हुंडेकरी कोर्टात शिरस्तेदार होते, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांची कागदपत्रं हाताळल्यामुळे ते घरात दूधवाल्यालाही तारीख देत असत. त्यांनी माझा मसुदा चष्म्याखाली धरला आणि त्यांना धापच लागली.

"तळेकर, तुम्ही ‘चूक’ लिहिलंय."

"झालीय ना चूक."

"झाली असेल! लिहिली कशाला? कागदावर आली की ती चूक कायम झाली. उद्या वकील उभा करील तो तुम्हाला, आणि विचारील, हे अक्षर कुणाचं? मग?"

"मग काय करू?"

"‘तथाकथित’ घाला," हुंडेकरी म्हणाले. "तथाकथित चूक. तथाकथित म्हणजे तुम्ही म्हणता, आम्ही म्हणत नाही. माझ्या उभ्या नोकरीत या शब्दाने किती माणसं वाचवली म्हणून सांगू!"

मला शब्द आवडला. त्यात एक प्रकारचा चिलखतासारखा भक्कमपणा होता. हाताचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्र टाइप करावं, असंही हुंडेकरींनी सुचवलं. खाली सही माझीच राहणार होती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मराठी टाइपरायटर आमच्या कचेरीत एकच, तोही साहेबांच्या खोलीबाहेर. मधल्या सुट्टीत सगळे डबे खायला गेल्यावर मी स्टुडिओचा कागद कार्बन लावून त्याच्यावर चढवला. शिवयोगी दाराशी पहारा करत उभा राहिला. मी अर्ध्यावर आलो असेन, तेवढ्यात तो खोकला. साहेबांची पावलं! उरलेल्या ओळी मी कशा बडवल्या हे त्या यंत्रालाच ठाऊक. कागद ओढला, न वाचता सही ठोकली आणि शिवयोगीच्या हातात कोंबला. तो गडी कामाचा. त्याने पाकिटावर कानडीत पत्ता घातला, कारण दुधनीचा पोस्टमन कानडी झटकन वाचतो, आणि लगेच सायकलवर टांग मारून थेट स्टेशनावरच्या पेटीत पत्र टाकून आला.

मला हायसं वाटलं. संध्याकाळी कार्बनची प्रत मी शालनपुढे जरा रुबाबातच टाकली. तिने वाचली. मग पुन्हा वाचली.

"अहो, ‘तथाकथित वडील’ म्हणजे काय हो?"

"तथाकथित चूक," मी म्हणालो.

"नाही. ‘आपल्या तथाकथित वडिलांच्या फोटोबाबत आमच्याकडून चूक झाली आहे.’ असंच आहे इथं."

मी कागद हिसकावून घेतला. घाईत तो शब्द आपली जागा सोडून पुढे सरकला होता. जिथे तो हवा होता तिथे ‘चूक’ उघडीवाघडी उभी होती, आणि तो जाऊन बसला होता एका मेलेल्या बापाच्या मानगुटीवर. चूक मी कबूल केली होती आणि बाप नाकबूल केला होता. आधी त्या घरात दुसऱ्याचा फोटो पाठवला आणि आता लेखी कळवलं, की तुमचे वडील तुम्ही म्हणता, आम्ही म्हणत नाही.

शालन हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडताच मी खिडकीशी होतो. टाकलेलं पत्र परत मिळतं का, म्हणून विचारलं. कारकून म्हणाला, मिळतं, अर्ज करा. मी अर्ज केला. त्याने सांगितलं, पाकिटावर जसा पत्ता आहे तसाच, त्याच अक्षरात, दुसऱ्या पाकिटावर लिहून द्या, म्हणजे पत्र तुमचंच हे पटेल. मी म्हटलं, पत्ता कानडीत आहे आणि मला कानडी येत नाही. त्याने टाक खाली ठेवला.

"म्हणजे पत्र तुमचं, नाव तुमचं, आणि तुम्हालाच वाचता येत नाही?"

मागे रांगेतले लोक पुढे वाकून माझ्याकडे बघू लागले. शिवयोगीला बोलावून आणतो असं मी म्हणालो, तर कळलं की दुधनीची थैली रात्रीच गाडीत चढली होती. आता पत्र आणि शरणप्पा यांच्यामध्ये एक पोस्टमन तेवढा उरला होता.

मी कचेरीत पोटदुखीचा अर्ज पाठवला. तो अर्ज मात्र शब्दन् शब्द खरा होता. नवं पत्र लिहून द्यायला स्टुडिओचे चार कोरे कागद पिशवीत टाकून मी स्टेशनावर गेलो आणि गाडीत बसलो. पोस्टमनला वाटेत गाठायचं, पाया पडायचं, पत्र मागून घ्यायचं, एवढाच बेत होता. गाडीत समोर बसलेल्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "कोण गेलं?" इतका माझा चेहरा झाला होता.

दुधनीत उतरल्यावर पोस्टमन कुठे भेटेल, म्हणून मी एका पानवाल्याला विचारलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, कुठून आलात, कुणाकडे आलात, सगळं काढून घेतलं. भीतीने माणूस खरं बोलतो. "शरणप्पाकडं व्हय!" तो ओरडला, आणि कुणाला तरी हाक मारून त्याने मला थेट बिराजदारांच्या अडतीच्या पायरीवर पोचतं केलं. मी नको नको म्हणत होतो.

आत भिंतीवर फोटो होता. तोच. गुलाबी फेटा, दाट भुवया, गळ्यात झेंडूचा हार, तोही ताजा. त्याच्या खाली गादीवर तोच माणूस बसून बशीतून चहा पीत होता. भुवया तेवढ्या दाट नव्हत्या आणि नाक बसकं होतं.

"बर्री, बर्री! कूड्री!" या, बसा अशी हाताने खूण करत शरणप्पा उठले. सगळी खोली उठल्यासारखी वाटली. "म्यानेजरसायेब! मी येतो म्हणून लिवलं हुतं की. कार्ड पोचलं न्हाय?"

"पोचलं," मी म्हणालो. आवाज निघाला नसावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं.

"मंगळवारी मी सोलापुरास येनारच हुतो. अप्पांचा खरा फोटो करायचा ऱ्हायलाय न्हवं? म्हटलं, या खेपेला बोटच ठेवू."

मी भिंतीकडे बघितलं, मग गादीवरच्या निंगप्पांकडे. कोपऱ्यात शरणप्पांची आई गंगम्मा सुपात तूर पाखडत होती. तिने माझी नजर ओळखली.

"काडू दिला न्हाय मी," ती म्हणाली. "मानूस इतकी वरसं दारातनं आत आला न्हवता. आता भितीवर आलाय, तर ऱ्हाऊ दे की."

"जित्या मानसाला हार पडला की आयुष्य वाडतंय म्हनं," निंगप्पा बशी खाली ठेवत म्हणाले. "रोज बगाय येतो मी. हार ताजा हाय का न्हाय."

गंगम्मा आणि निंगप्पा हसले. शरणप्पा हसले, आणि फळीवरच्या मापांचा आवाज झाला. माझ्या छातीवरचं ओझं उतरतंय न उतरतंय, तेवढ्यात पायरीवर सायकलची घंटा वाजली. पोस्टमन. त्याच्या हातात लांबट पाकीट, त्यावर शिवयोगीचं टपोरं कानडी अक्षर.

मी उठलो आणि हात पुढे केला. पण शरणप्पांचा हात माझ्यापेक्षा लांब होता. त्यांनी पाकीट फाडलं, कागद उघडला, माझं नाव ओळखलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"तुमचंच की! पत्र बी धाडलं आनी सोता बी आला?" त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं. "हे सरकारी मराठी आमाला झेपत न्हाय. तुमीच वाचा. आव्वा, ऐक."

मी कागद हातात घेतला. गंगम्माने सूप बाजूला ठेवलं आणि पदर सावरला. निंगप्पा उठून माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले, बहुधा नीट ऐकू यावं म्हणून.

कागदावरचं वाचणं शक्यच नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलू लागलो.

"शरणप्पाअण्णा, तुमच्या घरात अप्पांचा एकच फोटो होता, तो तुम्ही आमच्या हातात दिलात. आम्ही फेटा रंगवला, भुवया काढल्या, पण माणूस कोण हे विचारलं नाही. तुमच्या आई वर्षभराने नवऱ्याचं तोंड बघायला बसल्या होत्या, आणि आम्ही त्यांना सगळ्या गावासमोर भलतंच दाखवलं. याची भरपाई आम्हाला करता येणार नाही. राग धरू नका असं म्हणायचा आम्हाला हक्क नाही. एवढंच कळवतो, की आम्हाला झोप लागत नाही."

गंगम्मा पदराने डोळे पुसत म्हणाली, "इन्नोम्मे ओद्री." पुन्हा एकदा वाचा, असं शरणप्पांनी मराठीत सांगितलं.

मी काय बोललो होतो? फेटा आधी होता का भुवया? मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यात अप्पांचा स्वभाव आला, अडतीचं नाव आलं, आणि एक वाक्य देवाबद्दलही आलं.

"मगाशी हे न्हवतं की," शरणप्पा म्हणाले.

"मगाशी गडबडीत ओळ सुटली."

"झ्याक लिवलंय. ह्याला काच बसवून फोटोच्या खाली लावतो. येनारा जानारा वाचंल."

येणारा जाणारा! मी तो कागद घडी करून खिशात घातलासुद्धा. "काच आमच्याकडून," मी म्हणालो. "स्टुडिओतून चौकट करून पाठवतो. व्यवस्थापक म्हणून तेवढं तरी करू द्या." त्यांना ते फार आवडलं. मला जेवायला घातलं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी होती, एरवी मी चार खाल्ल्या असत्या.

स्टेशनावर पोचवायला निंगप्पा आले. बाकावर बसलो. त्यांनी पटका सावरला. मग म्हणाले, "मी अक्कलकोटास मराटी शाळेत हुतो. सातवी पास हाय."

मी पत्र होतं त्या खिशावर हात ठेवला.

"पाटीमागनं वाचत हुतो मी," ते म्हणाले. "तथाकथित वडील."

"निंगप्पाअण्णा, पाया पडतो, तो शब्द चुकून..."

"ऐका. गटाराची केस चालली तवा चन्नप्पाच्या वकिलानं मला पत्र धाडलं. तथाकथित मालक. आजोबापास्नंचं दुकान माजं! मग माज्या वकिलानं त्याला धाडलं, तथाकथित वहिवाटदार. मंग काय, त्यो बी पत्रं धाडतोय, मी बी धाडतोय. सगळी वकिलांनीच लिवलेली. एका आळीत ऱ्हाऊन आमी पोस्टातनं बोललो." त्यांनी पटक्याचं टोक डोळ्याला लावलं. "तुमी आज तोंडानं जे वाचलं, तसलं एक बी पत्र आमाला लिवाय जमलं न्हाय. ते काचंत लावनार हाय न्हवं? त्यात माजी एक ओळ घाला."

"काय घालू?"

त्यांनी सांगितलं. त्या ओळीत गटार नव्हतं, कोर्ट नव्हतं. लहानपणी दोघे ज्या विहिरीत पोहायला जात तिचं नाव होतं, आणि ‘यायला उशीर झाला’ एवढंच होतं. मी पिशवीतून कोरा कागद काढला, मांडीवर पिशवी घेतली आणि लिहायला लागलो. निंगप्पा नमस्कार करून निघून गेले ते मला धड कळलंही नाही. मी कधी खोडत होतो, कधी पुन्हा लिहीत होतो. मगाशी बोललेलं थोडं आठवत होतं, उरलेलं नव्याने सुचत होतं. गाडी आली, मी लिहितालिहिताच चढलो, खिडकीशी बसलो आणि शेवटची ओळ पुरी केली.

मान वर केली तेव्हा समोर तिकीट तपासनीस उभा होता. त्याने माझं तिकीट उलटसुलट करून बघितलं.

"सोलापूर? ही गाडी गुलबर्ग्याला चाललीय."

मी खिडकीबाहेर बघितलं. सूर्य ज्या बाजूला असायला हवा होता त्या बाजूला नव्हता.

"लेखी द्या," तो म्हणाला. "कसं झालं, का झालं, सगळं."

पिशवीत अजून एक कोरा कागद होता. मी लिहिलं : "साहेब, मी एक पत्र लिहीत होतो, त्यामुळे गाडी कुठली ते पाहिलं नाही." खाली सही केली. त्याने वाचलं, कागदाची मागची बाजू बघितली, तिथे काही नव्हतं.

"एवढंच?"

"एवढंच."

"बाकीचे दोन-दोन पानं भरतात," तो म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात ठेवून त्याने मला पुढच्या स्टेशनावर उतरवून दिलं.

उलट्या गाडीला बराच अवकाश होता. फलाटावर मी आणि एक शेळी, दोघेच होतो. आता शरणप्पांची भीती नव्हती, साहेबांची नव्हती, रेल्वेचीही नव्हती. उरली होती ती फक्त घरची. मी अंधार पडायच्या आत परत येतो असं सांगून निघालो होतो, आणि शालनला लेखी चालत नाही.